व्रत आणि कायदा

चातुर्मास लागला की आपल्या घराघरांत नियम घेतले जातात. कुणी रात्रीचं जेवण सोडतं, कुणी हिरवी भाजी, कुणी दशलक्षणात दहा दिवस एकभुक्त राहतं. नियम महाराजांसमोर किंवा माताजींसमोर घ्यायचा, पण घ्यायचा ज्याचा त्यानं. सासूनं घेतलेला नियम सुनेला लागू होत नाही. (होतो असं मानणाऱ्या सासवा असतात, ती गोष्ट निराळी.) व्रत मी माझ्यापुरतं घेते. कायदा मात्र घेणाऱ्या-न घेणाऱ्या सगळ्यांवर येऊन पडतो. एखाद्या धर्मनिष्ठ समाजाला जेव्हा वाटतं, की आपलं व्रत इतकं चांगलं आहे तर ते सगळ्यांनीच का पाळू नये, तेव्हा तो समाज सरकारच्या दाराशी जातो. मग पुढं काय होतं? याचा सर्वांत मोठा, दीडशे वर्षं चाललेला दाखला अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांचा आहे. तो इतिहास पुरुषांच्या नावांनी सांगितला जातो, पण थोडं खणलं की खाली सगळीकडे बायका आहेत. म्हणून तो आपण वाचावा असं मला वाटतं.

आधी शब्दाचा अर्थ. 'इव्हँजेलिकल' हे मूळ ग्रीक शब्दावरून आलं, अर्थ शुभवर्तमान. इव्हँजेलिकल ही एक चर्च किंवा एक गादी नव्हे. बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, पेंटेकोस्टल, कुठल्याच पंथाचं नाव न लावणारे, अशा अनेकांमधून वाहणारा हा एक प्रवाह आहे. बायबल हेच अंतिम प्रमाण, येशूच्या क्रुसावरच्या मरणानं तारण होतं ही श्रद्धा, ते शुभवर्तमान दुसऱ्याला सांगण्याचं कर्तव्य, आणि प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा घडणारं आतलं परिवर्तन, या चार खुणा. त्या परिवर्तनाला ते 'पुन्हा जन्म होणं' म्हणतात. आपल्याकडे सम्यग्दर्शन होणं म्हणतात, त्याची आठवण यावी असा हा भाग आहे. फरक इतकाच, की आपल्या तत्त्वज्ञानात तारणारा दुसरा कुणी नाही. ख्रिस्ती आई-बापांच्या पोटी जन्मलं म्हणून कुणी आपोआप ख्रिस्ती होत नाही, ज्याचं त्यानं मनापासून स्वीकारावं लागतं, हा त्यांचा गाभा. म्हणजे मुळात हा धर्म व्रतासारखाच, स्वतः घेण्याचा. तेच लोक पुढं कायद्याच्या मागे लागले, हीच खरी गंमत आहे.

सुरुवात दारूपासून झाली. 1873-74च्या हिवाळ्यात ओहायो राज्यातल्या गावांमध्ये मध्यमवर्गीय, चर्चला जाणाऱ्या बायका घोळक्यानं बाहेर पडल्या. दारूच्या गुत्त्यापुढे बर्फात गुडघे टेकून त्या प्रार्थना करीत, मालकाला धंदा बंद करायची विनवणी करीत. यामागे सोवळेपणा होता तसं दुःखही होतं. नवरा पगार गुत्त्यात घालवून येतो, मारतो, आणि घर, पैसा, मुलं यांच्यावर कायद्यानं हक्क त्याचाच. बायकोला मत नाही, कोर्टात फारसं बळ नाही. 1874 साली या चळवळीतून ख्रिस्ती स्त्रियांची मद्यपाननिषेधक संघटना उभी राहिली. 1879पासून 1898मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्या अध्यक्ष होत्या फ्रान्सिस विलर्ड. बाई हुशार. बायकांना मताचा अधिकार हवा असं उघड मागितलं असतं तर धार्मिक घरांतल्या बायका बिचकल्या असत्या. विलर्डबाईंनी मागणीला नाव दिलं 'गृहरक्षण'. घर वाचवायचं तर मत पाहिजे! ज्या बायका सभेत तोंड उघडत नव्हत्या, त्या या एका शब्दावर व्यासपीठावर गेल्या.

हे सगळं आपल्या मराठी बाईनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त तिथं राहिल्या. विलर्डबाईंशी त्यांचा स्नेह जुळला. 1889 साली निघालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात या स्त्रियांच्या संघटनांबद्दल त्यांनी केवढ्या कौतुकानं लिहिलं आहे. बायका स्वतः वर्गणी गोळा करतात, हिशेब ठेवतात, सभा चालवतात, ही गोष्ट त्यांना राजवाड्यांपेक्षा मोठी वाटली. शारदा सदन आणि पुढं केडगावचं मुक्ती मिशन यांच्या पायात अमेरिकेतल्या अशाच धार्मिक बायकांनी जमवलेले पैसे आहेत. त्या पैशाबरोबर धर्मांतराचा प्रश्न आला आणि पुण्यात वादळ झालं, तो इतिहास आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

पण अमेरिकेत त्या चळवळीचं पुढं काय झालं? एकेकाला दारू सोडायला लावण्याचं काम फार सावकाश चालतं. मग गावात बंदी, मग राज्यात बंदी, आणि शेवटी जानेवारी 1919मध्ये राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती. 1920पासून सबंध देशात दारू करणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा ठरलं. यात इव्हँजेलिकल लोकांबरोबर इतर सुधारकही होते, पण चर्चचं बळ सगळ्यांत मोठं. गंमत बघा, नुसतं पिणं गुन्हा नव्हतं, म्हणून श्रीमंतांनी आधीच साठा करून ठेवला. गरिबाला मात्र विषारी दारू मिळू लागली. चोरट्या धंद्यावर टोळ्या पोसल्या गेल्या, पोलीस विकले गेले. आणि ही बंदी उठवायलाही बायकाच पुढं आल्या. पॉलीन सेबिन या न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातल्या बाई. आपल्या मुलांचं भलं होईल म्हणून आधी त्यांनी बंदीला पाठिंबा दिला होता. 1929 साली त्यांनी बंदीविरुद्ध स्त्रियांची संघटना काढली. त्यांचाही मुद्दा घराचाच होता: कायद्याची कुणाला भीती उरलेली नाही अशा देशात मुलांना वाढवायचं कसं? डिसेंबर 1933मध्ये दुरुस्ती रद्द झाली. अमेरिकेच्या घटनेतली पूर्ण रद्द झालेली दुरुस्ती आजवर ही एकच.

मधल्या काळात दुसरी लढाई झाली, ती शाळेत. 1925च्या मार्चमध्ये टेनेसी राज्यानं कायदा केला, की सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं शिकवायचं नाही. डेटन नावाच्या लहानशा गावातल्या जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर त्याच उन्हाळ्यात खटला चालला. सरकारच्या बाजूनं उभे राहिले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले लोकप्रिय पुढारी. समोर क्लॅरन्स डॅरो हे नामांकित वकील. रेडिओवरून हा खटला दूरवर ऐकवला गेला. डॅरोंनी ब्रायन यांनाच साक्षीला बोलावून बायबलातल्या गोष्टींवर भंडावून सोडलं आणि वर्तमानपत्रांनी ब्रायन यांची टर उडवली. स्कोप्सना शंभर डॉलर दंड झाला, पुढं तो तांत्रिक कारणानं रद्दही झाला. निकालानंतर पाच दिवसांनी ब्रायन झोपेत वारले.

ब्रायन यांना नुसतं अडाणी ठरवून भागत नाही. ते शेतकऱ्यांचे, कर्जदारांचे कैवारी होते. 'बळी तो कान पिळी' हे तत्त्व निसर्गाचा नियम म्हणून शिकवलं तर दुबळ्यांना कोण विचारणार, ही त्यांची भीती होती. आणि ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला त्यात, माणसांच्या वंशांची उतरंड आणि 'कनिष्ठ' कुटुंबांची पैदास थांबवण्याचे विचार होतेच. त्यांच्या शंकेत तथ्य होतं, उपाय मात्र विज्ञानाला कुलूप घालण्याचा होता. चांगल्या काळजीला वाईट कायदा जोडला, की लोकांना कायदा लक्षात राहतो, काळजी विसरली जाते.

या खटल्यानंतर हे लोक संपले असं शहरी पंडितांनी लिहून टाकलं. ते संपले नव्हते, सार्वजनिक वादातून अंग काढून घेऊन आपलं आपलं काम करू लागले होते. बायबल कॉलेजं, रेडिओ कार्यक्रम, मासिकं, उन्हाळी शिबिरं यांचं जाळं त्यांनी विणलं. 1942 साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. 1949 साली लॉस एंजेलिसमध्ये तंबू ठोकून बिली ग्रॅहॅम नावाच्या तरुणानं आठ आठवडे प्रवचनं केली आणि तो देशभर गाजला. या शांत वर्षांत चर्चचा रोजचा गाडा ओढला बायकांनी. रविवारची शाळा त्यांची, आजाऱ्याच्या घरी डबा त्यांचा, मिशनची वर्गणी त्यांची.

लॉटी मून यांचं उदाहरण सांगते. 1873 साली ही अविवाहित शिक्षिका मिशनरी म्हणून चीनला गेली. तिला मुलींच्या शाळेपुरतं राहायला सांगितलं होतं, ती खेड्यांत जाऊन उपदेश करू लागली. तिच्या पत्रांमुळं दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट बायकांनी 1888 साली आपली मिशनरी संघटना उभी केली आणि नाताळात तिच्या कामासाठी वर्गणी जमवली. 1912च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, परतीच्या वाटेवर, जपानमधल्या कोबे बंदरात बोटीवर ती वारली. आजही सदर्न बॅप्टिस्ट पंथाची परदेशी मिशनसाठीची मोठी वार्षिक वर्गणी तिच्याच नावानं गोळा होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग हे शांत लोक राजकारणात परत आले कसे? लोकप्रिय उत्तर असं, की 1973 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि ते पेटून उठले. तारखा तपासल्या की हे उत्तर अपुरं ठरतं. तेव्हा गर्भपाताविरुद्ध आघाडीवर होते कॅथलिक. सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनानं 1971 साली ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला कायद्यानं मुभा असावी. त्यांना आधी झोंबल्या होत्या दुसऱ्याच गोष्टी. 1962-63मध्ये न्यायालयानं सरकारी शाळांतर्फे होणारी प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. 1954 साली काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवणं बेकायदा ठरलं होतं. त्यानंतर दक्षिणेत गोऱ्यांच्या खाजगी शाळा निघाल्या, त्यातल्या पुष्कळ 'ख्रिस्ती' नावाच्या. भेदभाव करणाऱ्या संस्थांची करसवलत सरकारनं काढायला सुरुवात केली. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत 1976 साली गेली, आणि 1983 साली सर्वोच्च न्यायालयातही ते हरले. या कराच्या भांडणानं चर्चचे पुढारी एकत्र आले असं काही इतिहासकार ठामपणे मांडतात. इथंच हेही सांगायला हवं, की काळ्या लोकांची चर्चं श्रद्धेनं याच प्रवाहाच्या अगदी जवळची. तेच बायबल, तोच पुनर्जन्म. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाद्रीच होते. पण त्यांचं राजकारण उलट्या दिशेनं गेलं. म्हणजे धर्मग्रंथ एकच असला तरी कोण कुठल्या घरात बसून तो वाचतं, यावर फार काही ठरतं.

कराच्या मुद्द्यावर पुढारी जागे होतील, घरातल्या बायका कशा होणार? त्यांना जागं केलं समान हक्कांच्या घटनादुरुस्तीनं. 1972 साली संसदेनं ती मंजूर केली. स्त्री-पुरुष भेदावरून कायद्यानं हक्क नाकारायचे नाहीत, इतकंच तिच्यात होतं. 38 राज्यांची मान्यता पाहिजे होती, पहिल्याच वर्षी भराभर मिळत गेली. तेवढ्यात इलिनॉयच्या फिलिस श्लाफ्ली उभ्या राहिल्या. सहा मुलांची आई, कॅथलिक, राजकारणात मुरलेली. त्यांनी कॅथलिक, बॅप्टिस्ट, मॉर्मन अशा, एरवी एकमेकींच्या देवळाची पायरी न चढणाऱ्या बायका एकत्र आणल्या. त्या विधानसभेत जात त्या घरी भाजलेला ब्रेड आणि जॅम घेऊन, आणि आमदारांना सांगत, आमचं घर मोडू नका.

मी स्वतः गृहिणी आहे, आणि त्या ब्रेडला हसणं मला जमत नाही. त्या बायकांना वाटत होतं, की नवऱ्यानं बायकोला पोसायची कायदेशीर जबाबदारी जाईल, घटस्फोटात हात रिकामे राहतील, मुलींना व्हिएतनामसारख्या युद्धावर पाठवतील. तेव्हाच एका पाठोपाठ एका राज्यात घटस्फोट सोपा होत होता. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईला उद्या बाजारात कोण काम देणार? स्त्रीमुक्तीवाल्यांच्या भाषणांत तिच्या वीस वर्षांचं मोल नव्हतं. श्लाफ्लीबाईंनी ते मोल बोलून दाखवलं. मात्र त्या स्वतः देशभर दौरे करीत होत्या, पुस्तकं लिहीत होत्या, आणि याच धामधुमीत त्यांनी वकिलीची पदवीही घेतली. घरी राहा असं सांगायला त्या कायम घराबाहेर असत. दुरुस्ती 35 राज्यांवर अडकली आणि मुदतवाढ देऊनही 1982 साली बारगळली.

सगळ्याच इव्हँजेलिकल बायका त्या बाजूला होत्या असंही नाही. 1973 साली शिकागोत त्यांच्यातल्या काही जणांनी वर्णभेद, गरिबी आणि स्त्रियांवरचा अन्याय हे पाप आहे असं जाहीर केलं. 1974 साली दोन इव्हँजेलिकल लेखिकांनी बायबलाच्याच आधारे स्त्री-पुरुष समतेवर पुस्तक लिहिलं. तो आवाज दाबून टाकण्याइतका मोठा आवाज दुसरीकडून आला, एवढंच.

1976 साली जिमी कार्टर अध्यक्षपदी निवडून आले. रविवारच्या शाळेत शिकवणारे, स्वतःला 'पुन्हा जन्मलेला' म्हणवणारे सदर्न बॅप्टिस्ट. खरं तर समाजानं पेढे वाटायला हवेत. पण आपला माणूस आपल्या मनासारखे कायदे करत नाही, हे दिसल्यावर तेच लोक त्यांच्यावर उलटले. 1979 साली व्हर्जिनियातले पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मोरल मेजॉरिटी' संघटना काढली. पूर्वी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी पाद्री रस्त्यावर उतरले तेव्हा, पाद्र्यानं राजकारणात पडू नये, असं प्रवचन याच फॉलवेल यांनी 1965 साली दिलं होतं! त्याच 1979 साली बेव्हर्ली लाहे यांनी स्त्रियांची मोठी संघटना उभारली. गर्भपात, समलिंगी लोकांचे हक्क, शाळेतली प्रार्थना, या मुद्द्यांवर मतदारांच्या याद्या तयार झाल्या. 1980 साली कार्टर पडले. निवडून आले रेगन: घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेले, चर्चला क्वचितच जाणारे सिनेनट. पहिल्यांदाच स्पष्ट झालं, की पुढारी व्रतस्थ असण्यापेक्षा कायदा हाती येणं महत्त्वाचं ठरलं आहे. 2016 साली दर पाच गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी चौघांनी ट्रंप यांना मत दिलं, त्याची वाट तिथूनच निघते.

आता घरात काय झालं ते बघू. 1979पासून सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या कारभारावर सनातनी गटानं पद्धतशीर ताबा मिळवला. 1984 साली ठराव झाला, की स्त्रियांनी पाद्रीपद घेऊ नये, आणि कारणांत आदिमाता इव्हचं पाप मोजलं गेलं. 1998 साली पंथाच्या श्रद्धापत्रिकेत घातलं गेलं, की पत्नीनं पतीच्या नेतृत्वापुढं आनंदानं नमावं. 2000 साली लिहिलं गेलं, की पाद्रीपद पुरुषांचंच. त्याच वर्षी कार्टर यांनी या पंथाशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. ज्या पंथाची वर्गणी लॉटी मूनच्या नावानं जमते, त्या पंथात आज लॉटी मूनला व्यासपीठावर जागा नाही. 2023 साली कॅलिफोर्नियातली एक अतिशय मोठी चर्च स्त्रीला पाद्री केल्याबद्दल बाहेर काढली गेली.

हे वाचताना आपण फार मान ताठ करायचं कारण नाही. स्त्रीपर्यायातून थेट मोक्ष नाही, असं आपली दिगंबर परंपरा सांगते. श्वेतांबर मानतात की आहे, आणि मल्लिनाथ तीर्थंकर स्त्री होते असंही सांगतात. शेकडो वर्षांचा हा वाद पुरुष आचार्यांनी आपापसांत घातला. आणि आपल्याही मंदिरात स्वाध्यायाला गर्दी कुणाची, आहारदानाला पहाटेपासून राबतं कोण, आणि ट्रस्टच्या फलकावर नावं कुणाची?

2019 साली टेक्सासमधल्या दोन वर्तमानपत्रांनी छापलं, की वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट चर्चमधल्या सुमारे 380 पाद्री, कर्मचारी आणि सेवेकऱ्यांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, आणि पीडितांची संख्या सातशेच्या वर आहे. बायकांनी तक्रारी केल्या होत्या. पंथाची बदनामी नको म्हणून त्या दाबल्या गेल्या होत्या. बेथ मूर या बायबलच्या लोकप्रिय शिक्षिका, हजारो बायका त्यांच्या वर्गांना येत. ट्रंप यांची स्त्रियांबद्दलची बोलणी आणि चर्चमधला अत्याचार या दोन्हींवर त्या उघड बोलल्या, तेव्हा त्यांनाच लक्ष्य केलं गेलं. 2021 साली त्यांनी पंथ सोडला. बाहेरची लढाई जिंकायची असली की घरातली घाण झाकून ठेवावी लागते, आणि ती झाकायला सांगतात बायकांनाच.

जून 2022मध्ये पन्नास वर्षांची मागणी पुरी झाली. सर्वोच्च न्यायालयानं 1973चा निकाल रद्द केला. इथं मला स्वतःशी थोडं थांबावं लागतं. गर्भात जीव आहे, हे मला अमेरिकेतल्या कुणी शिकवायला नको. पाण्यातल्या जीवासाठी पाणी गाळून घेणाऱ्या घरात मी वाढले. व्रत हे फक्त माझ्यापुरतं, असं मी सुरुवातीला म्हटलं. तो इव्हँजेलिकल माणूस मला विचारील, दुसऱ्या जीवाचा प्रश्न असेल तर? चोरी न करणं हेही व्रतच आहे, म्हणून काय चोरीविरुद्ध कायदा नको? प्रश्न खरा आहे. आणि याचं उत्तर आपल्याच जनगणनेत शोधलं तर लाज वाटते. 2001 साली जैनांची साक्षरता 94 टक्के, देशातल्या मोठ्या धर्मसमाजांत सर्वांत वरची. आणि सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली फक्त 870, तेव्हा देशाचा आकडा होता 927. 2011 साली आपला आकडा 889 झाला. अहिंसेचं व्रत घेतलेल्या समाजात मुली कमी का? म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994चा कायदा आपल्यालाही लागत होता. नुसत्या नियमांनी भागलं नव्हतं.

तरीही दोन गोष्टी एक नव्हेत. मुलगी नको म्हणून तपासणी करणाऱ्या डॉक्टरचा धंदा बंद करणं वेगळं, आणि जिच्या पोटात गर्भ आहे त्या बाईचा जीव धोक्यात असताना डॉक्टरनं आधी वकिलाला फोन करावा अशी पाळी आणणं वेगळं. 2022नंतर अमेरिकेच्या काही राज्यांत हे दुसरं घडू लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्यात मतदान झालं. शेतकऱ्यांचं, चर्चला जाणारं, दोन वर्षांपूर्वी ट्रंप यांना कौल दिलेलं राज्य. गर्भपाताचं संरक्षण राज्यघटनेतून काढायचं का, या प्रश्नाला 59 टक्के लोक नाही म्हणाले. गर्भपात चांगला असं त्यातल्या सगळ्यांना वाटत असेल असं मुळीच नाही. कायदा झाला की दारात पोलीस येतो, एवढं त्यांना कळलं असणार. आणि या विजयांच्या काळात खुद्द समाजाचं काय झालं? एका मोठ्या पाहणीप्रमाणं 2006 साली अमेरिकेच्या लोकसंख्येत गोरे इव्हँजेलिकल 23 टक्के होते, 2020 साली साडेचौदा. न्यायालय हाती आलं, घरातली मुलं मात्र चर्चमधून निघून गेली. याची कारणं अनेक असतील. पण आई-वडिलांचा धर्म म्हणजे एका पक्षाचा झेंडा, असं ज्या मुलानं लहानपणापासून पाहिलं, त्याला आतलं परिवर्तन कुठून दिसणार?

आपणही सरकारच्या दाराशी जातो. ऑगस्ट 2015मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या ठरवली, तेव्हा गावोगाव मोर्चे निघाले, आणि महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. जानेवारी 2023मध्ये सम्मेद शिखरजीवर पर्यटन नको म्हणून बायका मुलांना घेऊन रस्त्यावर आल्या. ते मागणं होतं, आमचं व्रत आम्हाला पाळू द्या, आमच्या पर्वताचं पावित्र्य राहू द्या. पण 2015च्याच पर्युषणात मुंबई परिसरात मांसविक्रीच्या बंदीवरून वाद पेटला. तेव्हा मागणं वेगळं होतं: आमच्या व्रताच्या दिवसांत तुमचं दुकान बंद. शेजारणीच्या मनात आपल्याबद्दल जे होतं, ते त्या आठ-दहा दिवसांत किती बदललं, हे मिश्र वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. खाटकानं त्या दिवसांत पोट कसं भरायचं, हा प्रश्न अहिंसेच्या बाहेरचा आहे काय?

आमच्या सीमाभागात 1899 साली स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. शेतकरी जैनांची पोरं शिकावीत म्हणून त्या पिढीनं बोर्डिंगं काढली, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. दुसऱ्यानं काय खावं यासाठी त्यांनी शक्ती घालवली नाही, आपल्या घरातलं अज्ञान आधी काढायला घेतलं. इव्हँजेलिकल बायकाही ओहायोच्या बर्फात गुडघे टेकून बसल्या तेव्हा दुकानदाराच्या मनाला हात घालत होत्या, आणि काही गुत्तेवाल्यांनी खरोखरच आपली पिंपं स्वतःहून गटारात ओतली होती. त्यात वेळ फार जायचा, आणि सगळे ऐकायचे नाहीत.

महिला मंडळाच्या सभेत हल्ली कुणीतरी उठून म्हणतं, "सरकारनं याच्यावर कायदाच करायला पाहिजे बघा." टाळ्या पडतात. कधी तो कायदा खरोखर हवा असतो, मुलींच्या बाबतीत होता तसा. पण टाळी वाजवण्याआधी आपण एवढं विचारावं: हे आपल्या रक्षणासाठी मागतोय, की दुसऱ्याला वळण लावण्यासाठी? त्याची किंमत कोण भरणार, आपण की ज्यांनी नियम घेतलेलाच नाही ते? आणि ज्या गोष्टीसाठी मोर्चा काढायचा, ती आपल्या घरात, आपल्या ट्रस्टमध्ये, आपल्या सुनेच्या वाट्याला आधी आली आहे का? पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन प्रश्न घालावेत, एवढी माझी सूचना आहे.